समजा, एका नानची किंमत क्ष

संध्याकाळच्या शाळेत आम्ही नऊजणी,
नवव्या खुर्चीचा पाय मोडका, ती माझी.
खाली ओशचा बाजार झाकपाक करतोय,
वर तुर्सुनाय बाई फळ्यावर लिहितायत:
तीन खरबुजं नि दोन नान, मिळून चारशे दहा सोम.
खरबूज नानपेक्षा सत्तरने महाग.
तर एक नान केवढ्याला?

मला हसूच फुटलं.
बाई, कुणाला केवढ्याला?

एकवीस वर्षं मी नान विकतेय,
मुलीच्या जुन्या बाबागाडीतून, वर गोधडी पांघरून.
सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाला चाळीस.
ताश्कंदच्या पाहुण्याला पंचेचाळीस, आणि तो खुशीने देतो.
जिच्या नखात पीठ आहे, तिला पस्तीसच,
तिच्यापुढे थापा चालत नाहीत.
दिवेलागणीला वीस.
पुलाखालच्या म्हाताऱ्याला काहीच नाही,
पण तो उधारी म्हणतो, म्हणून मीही उधारी म्हणते.
सांगा आता, यातला क्ष कुठला?

बाई खडू खाली ठेवत नाहीत.
म्हणतात, झूराकान, समजा.
मी म्हणते, नाही समजलं.
अगं, समजायचं नाहीये,
नुसतं समजायचंय!

मग मी वहीत लिहिलं: एका नानची किंमत क्ष.
चांगलं तीनदा खोडून.
खरबूज म्हणजे क्ष अधिक सत्तर.
हालमुरातला कळलं तर भडकेल,
वर्षभर माझ्याकडे भाव पाडून मागतेस
आणि शाळेत माझं खरबूज
तुझ्या नानच्या खांद्यावर चढवतेस?

तीनदा ते, दोनदा हे.
पाच क्ष अधिक दोनशे दहा बरोबर चारशे दहा.

आता दोनशे दहा पलीकडे न्या, बाई म्हणाल्या,
आणि ध्यानात ठेवा, पलीकडे गेलं
की अधिकचं उणे होतं.

हे मला शिकवायला नको.
कुबात पलीकडे गेला त्याला सहा वर्षं झाली,
येकातेरिनबुर्गमध्ये कुणाच्या तरी न्हाणीघरात
फरशा बसवत असतो.
इथे होता तेव्हा तंदूरला लाकडं होती,
दाराला कडी होती, रात्री खोकला होता.
आता कधी दहा हजार येतात, कधी नुसता निरोप.

दोनशे दहा उचलले, पिठाचं पोतं उचलावं तसे,
आणि पलीकडे टाकले.
पाच क्ष बरोबर दोनशे.
क्ष बरोबर चाळीस.

चाळीस! माझाच सकाळचा भाव!
मागच्या बाकावरून कुणीतरी टाळी वाजवली.
या वयात कान लाल होतात हे मला माहीत नव्हतं.

ताळा करून पाहिला. तीन खरबुजांचे तीनशे तीस,
दोन नानचे ऐंशी, चारशे दहा, पैचाही फरक नाही.
बाजारात असं कधी घडत नाही.
तिथे सौदा तुटतो तेव्हा दोघांनाही वाटतं
आपण थोडे बुडालो, आणि दोघं बरे घरी जातात.
पुस्तकातला दुकानदार घासाघीस करत नाही,
तुझं नको माझं नको म्हणत नाही,
त्याला मुलं किती, ते दिलेलं नाही.
तरी त्याचा थोडा हेवा वाटला मला.
एकच भाव, सगळ्यांना, दिवसभर.
केवढी झोप लागत असेल त्याला.

सकाळी बाबागाडी पुलाखाली थांबवली.
म्हाताऱ्याने नान मोडला, वाफेत तोंड धरलं,
आणि रोजच्यासारखं विचारलं, किती झाले गं माझे?
मी म्हटलं, क्ष.

तो घास चावत राहिला.
हे कुठल्या देशाचं नाणं?
मग स्वतःशीच म्हणाला,
महाग असणार.